पाठवी कीं पाठवीं?

दिवाळीच्या सुटींत आमची नात पुण्याहून वाशीमास आली, ती फ्रेंच व्याकरणाचें एक जाडजूड पुस्तक काखोटीस मारूनच आली. कॉलेजांत तिनें फ्रेंच भाषा घेतली आहे आणि सुटी सरतांच तिची परीक्षा. तेव्हां फराळाचीं ताटें उचललीं जातात न जातात तोंच माजघराच्या उंबऱ्याशीं तिचें पाठांतर सुरू होई. एके दिवशीं 'बोलणें' या अर्थाच्या धातूचीं रूपें चाललीं होतीं : पार्ले, पार्ला, पार्ला, पार्लाम्, पार्लात्, पार्लेर्. हा घोष पांचसहा वेळां कानांवर आल्यावर आमच्या काकूंनीं स्वयंपाकघरांतून विचारलें, "पार्ल्यास कोण गेलें ग आपल्यांतलें?" काकूंनीं नव्वदी ओलांडली आहे, पण कान अद्याप शाबूत आहेत, आणि विलेपार्ल्यास त्यांचे भाचे राहतात.

हंशा ओसरल्यावर नातीनें पुस्तक मिटलें आणि खरी तक्रार पुढें आली. "आबा, हा काळ फ्रान्समध्यें कोणी बोलतच नाहीं. आमच्या बाईच तसें सांगतात. घरीं, दुकानांत, आगगाडींत सगळे दुसराच भूतकाळ वापरतात. हा फक्त पुस्तकांत. मग जें कोणी बोलत नाहीं त्याचीं सहा सहा रूपें पाठ कशाला करायचीं?"

तक्रार रास्त होती, आणि त्या क्षणीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. पुढें आठवडाभर घरांत जें घडलें त्यांतून तें निघालें. म्हणून या महिन्याचें पान आम्ही त्यासच देत आहों. व्याकरणाचें नांव काढतांच पान उलटणाऱ्या वाचकांस विनंती एवढीच, कीं शेवटीं गोष्ट घरचीच आहे.

फ्रेंचांत होऊन गेलेली गोष्ट सांगण्याच्या मुख्य रीती तीन. पहिली रीत साध्या भूतकाळाची. ते तिला 'पासे सँप्ल' म्हणतात. धातूलाच प्रत्यय लागून एका शब्दांत काम भागतें, आणि हीं रूपें थेट लॅटिनापासून वारशानें आलेलीं आहेत. दुसरी संयुक्त : साहाय्यक क्रियापद आणि भूतकालवाचक धातुसाधित हीं जोडून ती होते. तिसरी अपूर्ण भूतकाळाची. एखादी गोष्ट चाललेली होती किंवा नेहमीं घडत असे, असें तिनें सांगतात. शेंदोनशें वर्षांत झालें असें, कीं बोलण्यांत दुसरीनें पहिलीस हळूहळू घरांतून घालविलें. साधा भूतकाळ कादंबऱ्यांत, इतिहासांत आणि मुलांच्या परीकथांत तेवढा उरला. तेथेंही बहुधा तृतीयपुरुषीं. 'ती उठली, तो म्हणाला, ते निघाले' हीं पानोपानीं भेटतात. 'पार्लाम्', म्हणजे 'आम्ही बोललों', हें रूप कोणी तोंडानें उच्चारलें तर ऐकणाऱ्यास नाटकांतला राजाच बोलला असें वाटावें. तरीही लिहिण्यांत त्याचा दरारा इतका, कीं १९४२ सालीं आल्बेर काम्यूनें आपली 'परका' या अर्थाच्या नांवाची कादंबरी नायकाच्या तोंडून बोलण्यांतल्या संयुक्त भूतकाळांत सांगितली, तेव्हां ती निवडच लोकांच्या डोळ्यांत भरली.

सतराव्या शतकांत या दोन काळांची वाटणी मोठी कांटेकोर सांगत. १६६० सालच्या पोर-रोयालच्या व्याकरणांत असा नियम आहे, कीं बोलण्याच्या क्षणापासून निदान एक दिवस मागें पडलेल्या गोष्टीसच साधा भूतकाळ शोभतो. आजची गोष्ट संयुक्तांत सांगावी. कोर्नेयच्या 'ल सीद' या १६३७ सालच्या नाटकावर फ्रेंच अकादमीनें अभिप्राय दिला, त्यांत एका पात्रानें नुकत्याच केलेल्या अपमानाविषयीं साधा भूतकाळ वापरला म्हणून कवीस दोष दिलेला आहे. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं थोडेंबहुत संस्कृत केलें असेल त्यांस हें वाचून ओळखीचें हंसूं येईल. पाणिनीनें लङ् सांगितला तो 'अनद्यतन' भूतासाठीं, म्हणजे जें आजचें नव्हे त्यासाठीं. आणि लिट् सांगितला तो 'परोक्ष' भूतासाठीं, म्हणजे जें बोलणाऱ्याच्या डोळ्यांआड घडलें त्यासाठीं. पॅरिसच्या पंतोजींनीं पाणिनि वाचला नव्हता. पण गोष्ट किती जुनी आणि ती पाहिली कोणी, हे प्रश्न दोघांसही पडले.

परोक्ष म्हणजे काय, यावर पतंजलीनें महाभाष्यांत एक गंमत सांगितली आहे. शाकटायन हा वैयाकरण रस्त्याच्या कडेला बसला होता आणि समोरून गाड्यांचा तांडाच्या तांडा गेला, तरी त्यास तो दिसला नाहीं. डोळे उघडे होते, मन जाग्यावर नव्हतें. ही गोष्ट आम्ही नातीस मोठ्या चवीनें सांगितली. ती लवकरच आम्हांवर उलटेल हें ध्यानींमनीं नव्हतें.

ओघांत एक जोडही तिला दाखविला. फर्ग्युसन कॉलेजांतले प्रा. वासुदेव गोपाळ परांजपे यांनीं पॅरिस येथें कात्यायनाच्या वार्तिकावर फ्रेंच भाषेंत प्रबंध लिहिला, तो १९२२ सालीं छापला गेला. ज्या कात्यायनानें 'परोक्ष असलें तरी लोकप्रसिद्ध आणि बोलणाऱ्यास पाहतां येण्याजोगें असेल तर लङ् चालेल' अशी पुरवणी जोडली, तोच हा. परांजप्यांनीं पुढें झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताचा मराठीच्या घडणीवरील १९२० सालचा ग्रंथ 'मराठी भाषेचा विकास' या नांवानें १९४१ सालीं मराठींत आणिला. आपल्या भाषेचा शास्त्रशुद्ध इतिहास प्रथम फ्रेंचांत लिहिला जावा, आणि तो ज्यानें लिहिला त्याचे गुरु आंत्वान मेये यांनीं १९०९ सालीं फ्रेंचांतील साधा भूतकाळ कां मावळला यावरच निबंध लिहिलेला असावा, हा योगायोग आम्हांस फार गोड वाटतो. आणखी एक : आमच्या जिल्ह्यांतील कारंज्याच्या जैन ग्रंथमालेंत १९३१ सालीं पुष्पदंताचें 'जसहरचरिउ' हें अपभ्रंश काव्य निघालें. त्याचे संपादक डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांचाही आर्यदेवावरील प्रबंध फ्रेंचांतच असून तो पॅरिसला १९२३ सालीं प्रसिद्ध झालेला. तेव्हां 'पासे सँप्ल' घोकणारी आपल्या मुलखांतली आपण पहिलीच, असें तिनें समजूं नये.

वाशीम म्हणजे जुनें वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा येथून दिलेला ताम्रपट १९३९ सालीं येथेंच उजेडांत आला; त्यांत वंशावळी संस्कृतांत आणि दानाचा व्यवहार प्राकृतांत आहे. याच घराण्यांतल्या सर्वसेनानें 'हरिविजय' हें प्राकृत काव्य रचलें. तें आज उतारेरूपानेंच उरलें आहे. त्या महाराष्ट्री प्राकृतांत संस्कृताचे लङ्, लुङ्, लिट् हे तिन्ही जवळजवळ नाहींसे झाले होते, आणि भूतकाळाचा सारा भार 'कृत', 'गत' अशा धातुसाधितांनीं उचलला होता. फ्रान्समध्यें जें अलीकडे झालें तें आमच्याकडे दीड हजार वर्षांमागेंच होऊन गेलें. त्याची खूण आपण रोज जिभेवर वागवितों. 'त्यानें आंबा खाल्ला, त्यानें पोळी खाल्ली' यांत क्रियापद कर्माच्या लिंगानें कां चालतें? कारण 'खाल्ला' हें मुळांत विशेषणच. फ्रेंच संयुक्त काळांतही कर्म अगोदर आलें तर धातुसाधित त्याच्या लिंगानें बदलतें : 'लिहिलेलें' या अर्थीं पुल्लिंगीं 'एक्री', पण आधीं पत्राचें नांव आलें, आणि फ्रेंचांत पत्र स्त्रीलिंगी आहे, कीं 'एक्रीत्'. फ्रेंच मुलांस हा नियम मोठा जाचक वाटतो म्हणतात. मराठी मुलीस तो शिकवावाच लागूं नये.

येथवर आल्यावर नातीनें विचारलें, "मग आपल्या मराठींत फक्त पुस्तकांत राहिलेला काळ कोणता?"

आहे तोही. 'तो जाई, ती करी, ते म्हणत' हा रीतिभूतकाळ. मोरो केशव दामल्यांनीं १९११ सालच्या आपल्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणां'त त्याच्या रूपांस ई-आख्यात म्हटलें आहे. अर्थानें तो 'पासे सँप्ल'चा भाऊ नव्हे, अपूर्ण भूतकाळाचा आहे, कारण तो एकवार घडलेलें सांगत नाहीं, नित्याचें सांगतो. पण नशीब मात्र 'पासे सँप्ल'चेंच घेऊन आला आहे. आज घरांत 'ती जायची, ती पाठवायची' असें म्हणतात. 'ती पाठवी' असें कोणी म्हणत नाहीं. याचा पूर्वेतिहास तर अधिकच विचित्र. ज्ञानेश्वरांच्या काळीं 'करी' हा वर्तमानकाळ होता, संस्कृत 'करोति'चा वंशज. पुढें 'करतो' आला, त्यानें वर्तमानाची गादी घेतली आणि 'करी'ची रवानगी मागच्या काळीं झाली. तरी दोन ठिकाणीं तो अजून तग धरून आहे. एक नकारांत : 'पाऊस पडेना, पोर ऐकेना, नळास पाणी येईना' हें वाशीमच्या कोणत्याही घरीं उन्हाळ्यांत ऐकावयास मिळेल. दुसरें 'म्हणे' या शब्दांत. 'धाकट्या जावेचें म्हणे जमत नाहीं' यांतला 'म्हणे' सांगतो, कीं हें मीं पाहिलें नाहीं, ऐकलें आहे. पाणिनीचा परोक्ष जणूं माजघरांत येऊन बसला आहे!

मग आम्हीं पाटीवर रूपें मांडून दिलीं : मी पाठवीं, तूं पाठवीस, ती पाठवी, आम्ही पाठवूं, ते पाठवीत. मध्यमपुरुषाचें अनेकवचन सोडून दिलें. तें लिहिलें असतें तर काकू उठून कांहीं पाठवावयास लागल्या असत्या. उत्तमपुरुषाच्या एकवचनावर टिंब आहे आणि प्रथमेच्या 'ती'स तें नाहीं, हें मात्र बजावून सांगितलें. हीं टिंबें आतां कोणी देत नाहीं. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ सालच्या लेखननियमांनीं न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकिले. आमचे तेवढे संपादकांच्या कृपेनें या पानावर अजून चालतात. नातीनें फ्रेंच पुस्तक उघडून दाखविलें, कीं 'पार्लाम्' आणि 'पार्लात्' यांच्या स्वरावरही एक चिमुकलें छप्पर असतें. 'पार्लात्' वरचें छप्पर लॅटिनांतून गळालेल्या सकाराची खूण, आणि शेजारच्या 'पार्लाम्'नें तें नुसतें पाहून घातलेलें. १९९० सालीं तिकडे लेखनसुधारणा झाली, पुष्कळ शब्दांचीं छपरें ऐच्छिक ठरलीं. पण या काळाच्या प्रत्ययांवरचीं तशींच राहूं दिलीं.

"चला, वापर करून पाहूं," म्हणून आम्हीं देव्हाऱ्यामागच्या फडताळांतून आजोबांची वही काढिली. आजोबा १९१० सालीं शिकावयास पुण्यास गेले; उतारवयांत त्यांनीं बाळपणापासूनच्या आठवणी बाळबोधींत लिहून ठेविल्या आहेत. (मोडींत लिहिल्या असत्या तर पुढचें कांहींच झालें नसतें, मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं, आणि टिंबाचीही हयगय होई.) वही घरांत सर्वांच्या परिचयाची. श्राद्धाच्या दिवशीं तींतलें एक पान वाचण्याचा प्रघातच आहे. त्यांत त्यांच्या थोरल्या बहिणीविषयीं, आम्ही सर्व जिला ताईआत्या म्हणूं तिच्याविषयीं, दोन ओळी आहेत. ती सतराव्या वर्षीं विधवा होऊन माहेरीं आली. ओळी अशा : "पुण्यास असतां ताई वाशीमासच राहिली. दरमहा पांच रुपये पाठवी. पत्र क्वचित्."

आमच्या घराण्याची कथा या ओळींवर उभी आहे. आजोबांनीं स्वतः शिकवण्या करून, एक वेळ जेवून, निराधार बहिणीस दरमहा पांच रुपये पाठविले, हें आमच्या वडिलांनीं आम्हांस सांगितलें, आम्हीं मुलांस सांगितलें. ओटीवर आजोबांची हार घातलेली तसबीर आहे. ताईआत्याची नाहीं.

नातीनें तीं वाक्यें वाचलीं, पाटीकडे पाहिलें, आणि म्हणाली, "आबा, येथें टिंब नाहीं."

आम्ही म्हणालों, राहिलें असेल. घाईंत टिंब राहतें. तिनें उत्तर दिलें नाहीं. पेन्सिल घेतली आणि वही पहिल्या पानापासून चाळावयास बसली. 'मी चार वाजतां उठें', 'पद्मतीर्थावर स्नान करीं', 'बालाजीच्या दर्शनास जाईं', 'रात्रीं कंदिलाशीं वाचीं' : सर्वत्र टिंब. 'आई म्हणे', 'गडी पाणी आणी' : कोठेंही नाहीं. संध्याकाळपर्यंत तिनें बेचाळीस उत्तमपुरुष मोजले. एका ठिकाणीं शाई फुटली आहे म्हणून तें सोडिलें. बाकीच्या एकेचाळिसांत आजोबा एकदांही चुकले नाहींत. चुकतील कसे? तें व्याकरण ते शाळेंत मुलांस शिकवीत.

म्हणजे 'पाठवी'ची कर्ती ताई. वाशीमास राहून ती पुण्यास पाठवी. आणि 'पाठविले' नव्हे, 'पाठवी' : एकदां अडीअडचणीस नव्हे, चार वर्षें, दरमहा. पुढच्या पानावर आणखी एक वाक्य आहे : "शेजारच्या चार घरच्या शेवया ताई वळी, कुरडया घाली, डोळे त्यांतच अधू झाले." हें आम्हीं आजवर शेजारधर्म म्हणून वाचीत आलों होतों. डोळे अधू होईतों शेजारधर्म कोण करतें, हें साठ वर्षांत आमच्या मनांत आलें नाहीं. रस्त्याच्या कडेला बसलेला शाकटायन आम्हांस तेव्हां आठवला.

काकू या घरांत १९५० सालीं लग्न होऊन आल्या आणि ताईआत्याबरोबर पांच वर्षें राहिल्या. रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं त्यांस विचारलें. त्या सुपारी कातरीत होत्या. हात थांबला नाहीं.

"तुम्हांला ठाऊक नव्हतें? आत्याबाईंच्या ट्रंकेंत मनिऑर्डरीच्या पावत्यांचा गठ्ठा होता, सुतळीनें बांधलेला. त्या गेल्या, त्या वर्षीं ट्रंक रिकामी केली, तेव्हां बंबांत घातला."

"आणि आजोबांस माहीत होतें?"

"मामंजींच्या नांवच्या पावत्या. त्यांना नाहीं तर कोणाला माहीत असणार? लिहिलें आहे ना वहींत त्यांनीं?"

लिहिलें होतें. आजोबांनीं लपविलें कांहीं नाहीं. जेवढें लिहावयाचें तेवढें, टिंबासुद्धां, बरोबर लिहिलें. वाचतां आम्हांसच आलें नाहीं. इतकीं वर्षें आपण कां बोललां नाहींत, असें विचारतां काकू म्हणाल्या, "कोणी विचारलेंच नाहीं," आणि सुपारीचा डबा मिटून झोंपावयास गेल्या.

दुसऱ्या दिवशीं नातीनें आपल्या फ्रेंच वहींत त्या एका वाक्याचें भाषांतर करावयास घेतलें. प्रथम साधा भूतकाळ लिहिला, मग खोडला. साध्या काळांत ते पांच रुपये एकदांच गेल्यासारखे होतात. नित्य जाणाऱ्या पैशांस अपूर्ण काळच हवा. 'एल् आंव्वायै', म्हणजे 'ती पाठवी'. या काळांत 'मी'चें आणि 'ती'चें रूप कानास अगदीं एक ऐकूं येतें, फरक शेवटच्या मुक्या अक्षराचा. पण फ्रेंचांत कर्ता गाळतां येत नाहीं, 'एल्' आधीं म्हणावाच लागतो. आमच्या घरांत झाला तो घोटाळा त्या भाषेंत होऊंच शकला नसता.

काकू तुळशीस पाणी घालून येत होत्या. त्यांनीं विचारलें, "एल् म्हणजे काय ग?"

"ती."

"ती म्हणजे कोण, तें लिही ना मग वर."

नातीनें लेखणी टेकविली आणि आमच्याकडे पाहिलें. ताईआत्याचें पाळण्यांतलें नांव आम्हांस ठाऊक नव्हतें. तें काकूंनीं सांगितलें.